डब्यातल्या हिटरची तहकीकात

दत्तोपंत अणदूरकरांचा जगातल्या कोणत्याही गोष्टीवर एकदम विश्वास बसत नसे. दूधवाल्यानं दूध घातलं की ते आधी त्यात बोट बुडवून बोटाकडं बघत आणि मग बराच वेळ दूधवाल्याकडं बघत. पंचांगात अमावास्या लिहिलेली असली तरी अंगणात येऊन चंद्र खरोखरच नाही ना, याची खात्री करून घेत. तुळजापूरच्या कचेरीत ते निजामाच्या अमलात चिकटले, तेव्हा सगळा कारभार उर्दूत चाले. पुढं अंमल बदलला, भाषा बदलली, आता महाराष्ट्र होऊनही दुसरा हिवाळा लागला होता, पण पंतांच्या तोंडातली 'तहकीकात' काही गेली नव्हती. घरात मीठ संपलंय असं बायकोनं सांगितलं तरी ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "असं? तहकीकात करू."

अशा सावध माणसानं लेकीच्या डोहाळजेवणात, सोलापूरला, भर पंगतीत बेसावधपणे बोलून बसावं, हा नशिबाचाच भाग म्हणायचा. शामला त्यांची एकुलती एक. तिचे सासरे नारायणराव एका मिलमध्ये टाइमकीपर होते. उशिरा आलेल्या माणसाचं कोणतंही कारण खरं मानायचं नाही, यातच त्यांचा जन्म गेला होता. ते वाढप्याला थांबवून म्हणाले, "पंत, पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे. पण पोरीची वेळ ऐन थंडीत येते. तुमच्याकडं दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची. बाळंतिणीला ठेवणार कुठं? राहू द्या तिला आमच्याकडंच."

पंतांनी समोर पाहिलं. शामला ताटावर मान घालून बसली होती, पण तिचा हात थांबला होता. सासरी गेल्यापासून ती माहेरी अशी निवांत राहिलीच नव्हती. पंत म्हणाले, "खोली आहे. स्वतंत्र आहे. उबदार आहे."

यातलं पहिलं वाक्य निम्मं खरं होतं, दुसरं पूर्ण खरं होतं आणि तिसऱ्यात खरं काहीच नव्हतं. नारायणरावांनी त्यांच्याकडं मिलच्या फाटकात बघतात तसं बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मी येऊन एक रात्र राहतो. खोली पसंत पडली तर पोरीला पाठवतो. नाही पडली तर बाळंतपण सोलापुरात."

ही जी खोली होती तिला चाकं होती. मोटारीमागं जोडून ओढत न्यायची ती एक फिरती खोली होती. निजामाच्या काळात कुणी इंजिनिअर तिच्यात राहून दौरे करायचा. तो गेला, त्याची मोटार गेली आणि ही मागं उरली. सरकारी लिलावात तिला कुणीच बोली लावेना, तेव्हा कचेरीची लाज राखावी म्हणून पंत बोलले, आणि त्यांच्यानंतर दुसरं कुणी बोललंच नाही. तेव्हापासून ती त्यांच्या परसात कडुनिंबाखाली उभी होती. बाहेरून पत्रा, आतून लाकूड, दोन बाजूंना काचेच्या खिडक्या, एक फळीचा पलंग आणि भिंतीत बसवलेलं कपाट. गल्ली तिला 'पंतांचा डबा' म्हणायची. आत जागा सुबक होती, पण तुळजापूर पडलं घाटमाथ्यावर. मार्गशीर्षातला वारा सुटला की पहाटे डब्याचा पत्रा असा गार पडे की हात लावला तर हात ओला झाल्यासारखा वाटे.

"त्यात इच्यार कसला करायचा?" परसाच्या भिंतीपलीकडून शांताक्का म्हणाली. शांताक्का लिंगायताची, वयानं मोठी, गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातची न्हालेली. शामलालाही पहिलं पाणी तिनंच घातलं होतं. "बाजंखाली इस्तवाची शेगडी ठेवायची, वर वव्याची धुरी द्यायची. आमी सगळ्या अशाच शेकून निघालाव."

पंतांना हा सल्ला फार सोपा वाटला, म्हणून संशयास्पद वाटला. शामलाला शेकण्याआधी आपण स्वतः शेकून बघू, असं त्यांनी ठरवलं. दारं-खिडक्या लावून, पलंगाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून ते आत वर्तमानपत्र वाचत बसले. काही वेळानं त्यांची बायको लीलाबाई चहा घेऊन गेली. तिनं दार उघडलं तर पंत तिच्याकडं बघून हसत होते. पंत हसतायत एवढ्यावरूनच तिला काहीतरी भयंकर झाल्याचं कळलं. तिनं हाक मारली, शांताक्का भिंतीवरून उतरली, आणि दोघींनी मिळून पंतांना काखेत धरून बाहेर ओट्यावर आणलं. नाकाशी कांदा फोडला. वारं लागल्यावर पंतांचा चेहरा पुन्हा नेहमीसारखा आंबट झाला, तेव्हा लीलाबाईच्या जिवात जीव आला.

पंत म्हणाले, कोळसा ओला होता. शांताक्का म्हणाली, कोळसा चांगला व्हता, डबाच वंगाळ हाय. यावर दोघांत दोन दिवस बोलणं नव्हतं. पण एवढं ठरलं, की बंद डब्यात निखारा नको. राहिली वीज.

मंदिराच्या रस्त्यावर मल्लिकार्जुनचं दुकान होतं. वडिलांच्या वेळी तिथं हळद-कुंकू आणि कवड्यांच्या माळा मिळत. गावात वीज आली तशी मल्लिकार्जुननं अर्धं दुकान बल्ब आणि वायरींना दिलं होतं. पंत गेले तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला परडी दाखवत होता. परडी खाली ठेवून त्यानं विजेची शेगडी काढली. मातीच्या थाळीत वळ्या वळ्यांची उघडी तार होती.

"लई गुणाची हाय, पंत. तार लाल झाली की वर भाकर बी भाजती."

"तेच मला नको आहे," पंत म्हणाले. "जिथं भाकरी भाजते तिथं दुसरंही काही भाजेल."

"मग घरी नेऊन बघा. न्हाय पसंत पडली तर आणा माघारी. तुमाला न्हाय कसं म्हनावं?"

दुकानदार इतक्या चटकन कबूल होतो त्या अर्थी हा माल आधी कुणीतरी परत केलेला असणार, असं पंतांनी मनात ताडलं. तरीही शेगडी घरी नेली, कारण ती न नेता मल्लिकार्जुनचा डाव उघडा पाडता आला नसता.

पंतांची परीक्षा कडक होती. त्यांनी डब्यात दोरी बांधली, तिच्यावर एक दुपटं वाळत घातलं आणि बाळंतिणीच्या खोलीत सहज व्हावं तसं ते सुटून शेगडीवर पडू दिलं. दुपटं पेटलं. पंत समाधानानं बाहेर आले आणि म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते दुपटं लीलाबाईनं आपल्या लग्नातल्या लुगड्याचं शिवलेलं होतं. नातवंडासाठी शिवलेलं पहिलं. त्यानंतर दोन दिवस घरातही बोलणं नव्हतं.

दुसरा हिटर परातीसारखा होता. मध्ये तापणारी कांडी, मागं चकचकीत वाटोळा पत्रा, खाली बारीक पाय. पंत त्याच्यासमोर बसले तर उजवा गाल भाजला आणि डावा गारठून गेला. त्यांनी तोंड फिरवलं तर डावा भाजला. बाळाला असं सारखं फिरवत कोण बसणार, असा विचार ते करत होते, तोच लीलाबाई आत आली. डबा चाकांवर होता. कुणी पायरीवर पाय दिला की एका अंगाला कलायचा. तो कलला, आणि परात तोंडावर गादीवर पडली. लीलाबाईनं खालची चादर ओढून काढली म्हणून गादी वाचली.

शिवाय आणखी एक भानगड होती. पंतांनी हिटरचं बटण दाबलं की सगळ्या गल्लीतले दिवे पिवळे पडायचे. त्यामुळं पंत परीक्षा घ्यायला बसले हे गल्लीला घरबसल्या समजे, आणि विजेच्या कचेरीलाही समजलं. तिथून माणूस आला आणि सांगून गेला, की घरचं कनेक्शन दिव्यांपुरतं आहे, हिटरला वेगळी लाइन घ्यावी लागेल.

पंत दरख्वास्त घेऊन गेले. समोरचा कारकून त्यांच्याहून निम्म्या वयाचा होता, पण कागद उलटा धरून वाचण्याची त्याची पद्धत पाहून पंतांना कळलं, की हा पोचलेला आहे.

"ही जागा आहे का वाहन?" त्यानं विचारलं.

"खोली आहे."

"तिला चाकं आहेत असं आमच्या माणसाचं म्हणणं. चाकं असली की वाहन. वाहनाला मीटर देता येत नाही."

"चाकं काढली तर?"

"मग बांधकाम. त्याला नगरपालिकेचा दाखला."

पंतांनी उभ्या आयुष्यात कितीतरी खेडुतांना नेमकं असंच परत पाठवलं होतं. बेंबळी गावचा एक म्हातारा तर त्यांच्या टेबलापुढं येऊन येऊन म्हातारा झाला होता. त्याची आठवण झाली आणि त्यांचा कान गरम झाला. त्यांनी शेवटचा डाव टाकला. "समजा, एकच चाक काढलं तर?"

कारकून विचारात पडला. मग उठून वरच्या साहेबाला विचारायला आत गेला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर आला नाही.

शेवटी पंतांनी दोन्ही चाकं काढली आणि डबा घडीव दगडांवर बसवला. नगरपालिकेत म्हणाले, याला जोतं नाही, तेव्हा हे बांधकाम नव्हे. विजेच्या कचेरीत म्हणाले, याला चाकं नाहीत, तेव्हा हे वाहन नव्हे. जगात जे काहीच नाही त्याला कुणाचीच हरकत नसते, आणि लाइन मंजूर झाली. डबा हलायचाही थांबला. मल्लिकार्जुननं मग सोलापुराहून तिसरा हिटर मागवून दिला. आडव्या दोन कांड्या, पुढं दाट जाळी, मागं लोखंडी पाठ, आणि भिंतीला पक्का स्क्रूनं बसणारा. पंतांनी त्याच्यावर दुपटं टाकलं, या खेपेला स्वतःचा पंचा. तो जाळीवर गरम झाला पण पेटला नाही. पंतांनी हिटर हलवला, ढकलला, त्याच्याकडं पाठ करून एकदम वळून पाहिलं. त्यात खोट सापडेना. त्यामुळं ते फार अस्वस्थ झाले.

वायरिंगला ईरण्णा आला. त्यानं डब्यावर बोटांनी टकटक केली. "पंत, सगळी पत्र्याची बॉडी हाय. उद्या आत कुठं वायर घासली तर अख्खा डबा करंट धरंल. दाराच्या कडीला हात लावला की मानूस चिकटला. अर्थिंग करावं लागतंय."

"म्हणजे काय?"

"खड्डा खनायचा, त्यात तांब्याचा पत्रा पुरायचा, त्याला डब्याची वायर जोडायची. भवती मीठ आन कोळसा घालायचा. आन रोज पानी वतायचं, खड्डा वाळू द्यायचा न्हाय. करंट सुटला तर त्या वाटंनं जमिनीत जातो."

"आणि जमिनीतून परत आला तर?"

"आजवर तरी आलेला ऐकला न्हाय," ईरण्णा म्हणाला.

पंतांनी तीन गोष्टी ठरवल्या. एक, हिटरचं बटण डब्यात नाही, बाहेर मागच्या पडवीत बसवायचं, आणि त्याशेजारी बाक टाकून स्वतः बसायचं. बंद करायचं काम दुसऱ्या कुणावर सोडायचं नाही. दोन, डब्याची कडी हातानं उघडायची नाही, लाकडी मुठीच्या छत्रीनं उघडायची. आणि तीन, हा खड्ड्याचा प्रकार गल्लीला कळू द्यायचा नाही, नाहीतर जो तो येऊन आपापलं मीठ टाकून जाईल. म्हणून त्यांनी ईरण्णाला दिवेलागणीला बोलावलं आणि अंधुक उजेडात, आवाज न करता, खड्डा भरून घेतला.

भिंतीवर शांताक्काचं डोकं दिसलं. "पंत, काय पुरलाव?"

"काही नाही."

"न्हाय कसं? मीठ दिसलं मला. कोळसा बी दिसला. तांबं चमकलं."

"तुम्हाला काय करायचंय?" पंत म्हणाले.

एवढं एक वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. तिन्हीसांजेला, गुपचूप, परसात तांबं, मीठ आणि कोळसा पुरतात तेव्हा त्याला काय म्हणतात, हे शांताक्काला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याला करणी म्हणतात. आणि ती पुरली कुठं, तर जिथं चार दिवसांनी भरल्या पोटाची पोर यायची तिथं. पंतांवर तिचा संशय नव्हता. पंत भोळे, त्यांना ईरण्णानं नादाला लावलं, असं तिचं मत पडलं. मग रोज ती बघू लागली. रोज दिवेलागणीला पंत तांब्या घेऊन येत, चारी बाजूंना बघत, कुणी नाही असं पाहून खड्ड्यात पाणी घालत आणि पडवीत जात. त्यानंतर लगेच साऱ्या गल्लीचे दिवे पिवळे पडत. आणखी पुरावा काय लागतो?

गल्लीचं वागणं बदललं. दूधवाला दूध फाटकाबाहेरच ठेवून जाऊ लागला. त्यानं दुधात पाणी वाढवलं असावं आणि म्हणून तो तोंड चुकवतो, अशी पंतांची खात्री झाली.

नारायणराव ठरल्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.नं आले. हातपाय न धुताच त्यांनी डब्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. वाकून खाली पाहिलं.

"हिला जोतं नाही."

"म्हणूनच मंजुरी मिळाली," पंत म्हणाले.

नारायणरावांनी पत्रा वाजवला, खिडक्या उघडून लावल्या, पलंगावर बसून तो कुरकुरतो का पाहिलं. पंत प्रत्येक आवाजाला मनातल्या मनात दचकत होते. मग त्यांनी पडवीत जाऊन बटण दाबलं. कांड्या हळूहळू लाल झाल्या, लाकडाला ऊब चढली आणि डब्यात नव्या फर्निचरसारखा वास सुटला. नारायणरावांनी हात शेकले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. "पंत," ते म्हणाले, "हे बरं जमलंय." स्वयंपाकघरात लीलाबाईनं हे ऐकलं आणि नारायणरावांच्या पानात तुपाची धार जरा लांबवली.

जेवण झालं. नारायणराव डब्यात गेले, दार लावून घेतलं. पंतांना आज शामला घरात आल्यासारखीच वाटत होती. पाहुण्यांच्या गडबडीत खड्ड्याचं पाणी राहिलं होतं, म्हणून ते तांब्या घेऊन गेले. पाणी ओतलं. रोज ते वर थोडा वेळ साचायचं आणि सावकाश मुरायचं. आज घळकन खाली गेलं. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. पंत तिथंच उकिडवे बसले आणि हातानं माती उकरू लागले. माती भुसभुशीत होती. वायरीचं टोक हाताला लागलं, मोकळं. तांब्याचा पत्रा नव्हता.

ते पडवीत आले. बटणाकडं बघत उभे राहिले. डब्याच्या खिडकीतून तांबूस उजेड येत होता आणि नारायणरावांचं समाधानाचं खाकरणं ऐकू येत होतं. हिटर नवा होता, वायर नवी होती, ती आजच घासली जाईल असं कशावरून? एक रात्र गेली की काम झालं होतं. सकाळी पत्रा पुन्हा पुरता आला असता, शामला आली असती, आणि कुणाला काही कळलंही नसतं. पंतांनी हे सगळं स्वतःला नीट पटवून दिलं. मग त्यांना आठवलं, नारायणराव पाणी प्यायला उठले तर कडी हातानंच उघडणार. त्यांच्याजवळ छत्री नव्हती. पंतांनी बटण बंद केलं. घरातल्या होत्या तेवढ्या सोलापुरी चादरी गोळा केल्या आणि छत्रीनं दार उघडून व्याह्यांच्या अंगावर एकेक करून घातल्या.

"पंत, हिटर विझला का?"

"झोपा," पंत म्हणाले. "करंटचं काही सांगता येत नाही."

सकाळी नारायणराव बाहेर आले ते चादरींसकट. कानटोपीतून नाकाचा लाल शेंडा तेवढा दिसत होता. लीलाबाई चहाचा पेला घेऊन उभी होती.

"पंत, रात्री तुमच्या माजघरातला दिवा जळत होता."

"हो."

"म्हणजे करंट होता."

"होता."

"मग माझा हिटर कुणी बंद केला?"

"मी केला," पंत म्हणाले, आणि खड्ड्याची सगळी हकिकत सांगितली. "पत्रा कुणी नेला, ठाऊक नाही. हिटर चालू ठेवला असता तर बहुतेक काही झालं नसतं. पण बहुतेकवर मला माणूस आत झोपवता येईना. आता काय ते तुम्ही ठरवा. शामलाला तिकडंच ठेवतो म्हणालात तर मी शब्द काढणार नाही." हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज चिरकला, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. लीलाबाईनं पदर डोळ्याला लावला.

तेवढ्यात भिंतीवर शांताक्का उगवली. तिचा चेहरा फार प्रसन्न होता. "लीलाबाई, रडू नगा. खड्ड्यातलं म्या काढलंय. काल तुमी देवळात गेलता तवाच. लिंबू उतरून तिठ्यावर नेऊन टाकलं बगा. आता पोर बिनघोर येऊ द्या."

पंतांनी आयुष्यभर प्रत्येकावर संशय घेतला होता, आणि नेमकी ही एक बाई त्यातून सुटली होती. त्यांना रागवायचं होतं. पण शामलाच्या काळजीनं ही बाई भरदिवसा करणीच्या खड्ड्यात हात घालून आली, त्यात कोपरापर्यंत मिठानं चरचरली, हे त्यांना दिसत होतं.

"तिठा कुठं आहे?" नारायणरावांनी विचारलं.

पत्रा तिथंच होता. वर लिंबू, कुंकू, चिमूटभर हळद. लोक त्याला दुरून वळसा घालून जात होते, एस.टी.सुद्धा बाजूनं गेली. वाटेत बरोबर घेतलेला ईरण्णा दहा हात मागं थांबला. "पंत, चालू करंटला हात लावतो म्या. हे जमनार न्हाय."

दोघं व्याही पत्र्याशी उभे राहिले. नारायणरावांना वाटत होतं पंत मागं सरतील आणि पंतांना वाटत होतं नारायणराव सरतील, त्यामुळं कुणालाच सरता येईना. शेवटी नारायणराव म्हणाले, "एक कड तुम्ही धरा, एक मी धरतो." आणि कचेरीचा कारकून आणि मिलचा टाइमकीपर, मध्ये तांब्याचा पत्रा धरून, गल्लीच्या डोळ्यांदेखत घरी निघाले.

अर्ध्या वाटेवर नारायणराव म्हणाले, "पोरीला येत्या सोमवारी आणून सोडतो."

पंत थबकले, त्यामुळं पत्राही थबकला. "खोली पसंत पडली?"

"खोली कसली, डबा तो. गारठून मेलो मी. आणि तुमच्या त्या हिटरवर माझा काडीचा भरवसा नाही." त्यांनी पत्र्याची कड दुसऱ्या हातात घेतली. "पण पंत, खोली दाखवायला माणसाला बोलावलं, आणि त्यालाच थंडीत झोपवून स्वतःची फजिती करून घेतलीत, तरी बटण चालू ठेवलं नाहीत. आमच्याकडं खोली मोठी आहे. बटणापाशी असा माणूस आमच्याकडं नाही."

पंतांनी चष्मा कपाळावर चढवला. या वाक्यात काही खोच आहे का, ते पाहत राहिले. सापडली नाही. मग त्यांनी चष्मा उतरवून पंच्यानं पुसला आणि दुसऱ्या हातानं पत्रा घट्ट धरला.

शामला आली. पौषात मुलगी झाली. खड्डा आता शांताक्काच्या ताब्यात होता. रोज पाणी तीच घाली, आणि वर दोन बोटं कुंकू लावी. करंटला त्यानं काही बिघडत नाही असं ईरण्णानं सांगितलं होतं, म्हणून पंतांनी चालू दिलं. बारशाला नारायणराव आले ते थेट पडवीतल्या बाकावर पंतांच्या शेजारी, बटणापाशी बसले. पंत संध्याकाळचे जरा दमतात, त्यांचं लक्ष राहील न राहील, अशी त्यांना शंका होती. पंतांना नारायणरावांबद्दल तशी शंका पहिल्यापासूनच होती. दोघं एकमेकांवर नजर ठेवून बसले.

"बाबा, मामंजी," आतून शामला म्हणाली, "बंद करा हो आता. उकडायला लागलं."

"मी करतो," नारायणराव म्हणाले.

"थांबा. तुम्ही उलटं दाबाल."

"बटणाला उलटं काय असतं, पंत?"

"तेच. तुम्हाला ठाऊक नाही."

हा वाद रंगायच्या आत डब्यात बाळ रडलं. पहिल्यांदा बारीक, मग एकदम जोरात. पंत उठले, धडपडत परसात उतरले आणि हिटर चालू असलेल्या त्या डब्याची कडी त्यांनी उघड्या हातानं ओढली.

"पंत, छत्री," नारायणराव मागून म्हणाले.

पण पंत आत गेले होते. नारायणरावांनी छत्री मांडीवर घेतली, बटण बंद केलं, ते नक्की बंद झालं का हे वाकून पाहिलं, आणि त्यावर बोट ठेवून तिथंच बसून राहिले.